शेमल्याखालचं तोंड

गुंडा पैलवानानं तोंडावरचा पटक्याचा शेमला ओढून हनुवटीखाली केला, मनगटानं घाम पुसला आणि म्हणाला, "आवं, जीव गुदमरतुया ह्येच्यात." एवढंच झालं. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही की कुठं काही सांडलं नाही. पण समोर खुर्चीत बसलेल्या इलाही पेंटरच्या हातातली विडी तशीच विझून गेली. क्षणापूर्वी त्या शेमल्याच्या वर जे दोन डोळे होते ते त्यानं एकदा चितारलेल्या सयाजीचे होते. नुसते सारखे नव्हेत, त्याचेच. ती भुवई, ते अरुंद कपाळ, कानशिलाजवळची ती आत गेलेली जागा, सगळं तेच. इलाहीनं मान डोलावली होती, "हा चालेल" असं त्याच्या तोंडून निघूनही गेलं होतं. आणि मग कापड खाली आलं तर त्याखाली भलत्याच माणसाचं तोंड. जाड ओठ, पुढं आलेले दात, दोन दिवसांची दाढी. इलाहीला वाटलं, छे, हे तोंड इथलं नव्हे. बरं, नव्हे तर नव्हे. मग इथलं तोंड कुठलं? सयाजीच्या त्या डोळ्यांखाली काय होतं? त्यानं आठवायला घेतलं, आणि त्याला काही म्हणजे काहीच आठवेना.

सकाळचे दहा वाजले होते. सांगलीच्या थेटरात त्या वेळी चिटपाखरू नसतं. मागचं दार उघडं टाकलं होतं, त्यातून उन्हाचा एक पट्टा आणि बाजारातल्या हळदीचा वास असे दोघेही न विचारता आत आले होते. कोल्हापूरची एक नवी फिल्म कंपनी तिथं दोन दिवसांसाठी उतरली होती. लढाई संपली, कच्च्या फिल्मवरचं बंधन उठलं, आणि ज्याला त्याला सिनेमा काढायची खाज सुटली. ह्या कंपनीनं 'घोंगडीवाला' काढायचं ठरवलं होतं. आता घोंगडीवाला कोण हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं. एरवी मुका मेंढपाळ, पण गावावर संकट आलं की काळी घोंगडी गळ्याशी गाठवून ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर झेप घेणारा गडी. त्याला गोळी लागत नाही, कृष्णेचा पूर बुडवत नाही, आणि त्याचं नाव-गाव कुणाला ठाऊक नाही. सोळा पानांची चोपडी निघायची, जत्रेत नि बाजारात खपायची. मजकूर छापखान्याचे मालक आप्पासो लिहीत आणि चित्रं इलाही काढी. चार वर्षांत बेचाळीस चोपडी झाली. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं तीही माणसं नुसत्या चित्रांसाठी चोपडं घेत आणि घरी नेऊन भिंतीला डकवत. म्हणून तर कंपनीचे डायरेक्टर नानासो ह्यांनी इलाहीला मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. घोंगडीवाला कोण व्हावा आणि तो पडद्यावर दिसावा कसा, हे, पेंटर, तुम्ही पास करा.

पास करा! जन्मभर दुसऱ्यांनी 'चालेल', 'चालणार नाही' म्हटलेलं ऐकून घेणाऱ्या माणसाला खुर्ची देऊन असं म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतंच. इलाहीच्याही चढलं होतं. आल्या आल्या त्यानं पहिली हरकत घेतली ती कपड्यावर. गुंडाच्या खांद्यावर घोंगडी नव्हतीच. काळं सॅटिन होतं, काठाला जर लावलेलं, उन्हाच्या पट्ट्यात झगझगणारं.

"घोंगडी कुठाय?"

"घोंगडी घिऊन बघितली की," नानासो म्हणाले. "कॅमेऱ्यात अंगावर दगूड बांधल्यागत दिसती. हालत न्हाई, फुगत न्हाई. ह्ये सॅटिन बघा, पंखा लावला की कसं भरारतंय."

"घोंगडी भरारत नसतीच नानासो. ती जड असती, म्हणून तर त्याची उडी मोठी वाटती. ह्ये पांघरून कोण उडी मारंल? ह्ये पांघरून माणूस लग्नाला जाईल."

नानासो मोकळे हसले. माणूस वाईट नव्हता. पाठीमागं पडद्यावर रंगवलेले निळे डोंगर टांगले होते, तेही इलाहीला पसंत नव्हते. आपल्याकडचे डोंगर माथ्यावर सपाट असतात, ह्यांनी टोकं काढली होती. तेही त्यानं सांगितलं आणि नानासोंनी वहीत टिपून घेतलं. मग शेमला खाली आला, आणि त्यानंतर इलाहीला ना सॅटिन दिसलं ना डोंगर.

"शेमला मी काढूनच टाकणार हाय," नानासो सांगत होते. "दोन तास नुसतं कपाळ बघायला कोण येतंय? बायाबापड्यांनी रडायचं कुणाकडं बघून? हिरोचं तोंड दिसलं पायजे."

"नको," इलाही एकदम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "झाकूनच ऱ्हाऊ द्या."

"का बरं?"

इलाहीनं विझलेली विडी पुन्हा पेटवायला घेतली. गुंडा पैलवान बिचारा इस्लामपूरच्या तालमीतून पहिल्यांदाच असल्या भानगडीत आलेला, कधी ह्याच्याकडं कधी त्याच्याकडं बघत होता, आपल्या तोंडात काय खोट आहे ते कुणीतरी सांगावं म्हणून.

"तुमी खालचं तोंड कवा काढलंय का हो पेंटर?" नानासोंनी विचारलं. "चार वर्सं काढताय, मनात तर असणारच. कच्चं असलं तरी द्या. तसलं तोंड हुडकून आणतो मी, मग त्यो पैलवान असो न्हाईतर वाणी. बेस्तरवारपर्यंत द्या."

"देतो," इलाही म्हणाला आणि उठला.

बाहेर आल्यावर तो घराकडं न वळता नदीकडं वळला आणि घाटाच्या पायरीवर जाऊन बसला. माणूस एवढा कसा विसरू शकतो? बरं, विसरलो म्हणावं तर डोळे मिटले की ते डोळे हजर. छापखान्यातल्या लिथोच्या दगडावर सगळं उलटं काढावं लागतं. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं, तेव्हा कुठं कागदावर सुलटं उमटतं. चार वर्षं तो सयाजीची उलटी भुवई काढत होता, उलटं कपाळ काढत होता, आणि नाकाच्या मधल्या हाडापाशी आलं की शेमल्याची आडवी रेघ मारत होता. ती रेघ मारली की सुटला. आप्पासोंनी पहिल्याच चोपड्याला विचारलं होतं, तोंड का झाकलंय? इलाही म्हणाला होता, कुणी ओळखू नये म्हणून. आप्पासोंना ते इतकं पटलं की त्यांनी गोष्टीतही तेच घातलं. खरं कारण निराळंच होतं. ते इलाहीनं मनाच्या तळाशी दडपून ठेवलं होतं, आणि आता घाटावर धुणं आपटणाऱ्या बायकांच्या आवाजात ते बिनबोभाट वर आलं.

एक्केचाळीस सालची गोष्ट. तेव्हा तो साताऱ्याला दुकानांच्या पाट्या रंगवत असे. भरतीच्या कामावरचा एक कारकून दुकानात आला. गावोगाव भिंतीवर लावायला चित्र पाहिजे, आपल्याकडचा शेतकरी गडी, फौजी कोटात, छाती काढून उभा. माणूस तूच शोध. बाजाराचा दिवस होता. इलाही बैल पारखावा तशी माणसं पारखत बाजारभर हिंडला. हा बुटका, तो काळवंडलेला, त्याची मान आखूड. आणि मग कांद्याच्या पोत्यावर बसून गूळ-शेंगा खाणारा एक एकोणीस वर्षांचा पोरगा त्याला दिसला. लोणंदच्या अलीकडच्या गावातला, सयाजी नाव. "हा चालेल," इलाही मनाशी म्हणाला. हाच शब्द. पोराला उसना कोट घातला, डोक्यावर हॅट ठेवली. पितळी बटणांना हात लावायलाही पोरगा बिचकत होता. दोन तास उभा राहिला आणि दोन्ही तास भ्यालेला होता. डोळे मोठे झालेले, खालचा ओठ सारखा थरथरतोय. इलाही म्हणजे हाताचा पक्का माणूस. चित्रातली भीती घालवायला फार काही लागत नाही. पापण्या जराशा खाली ओढल्या, भुवया एकमेकींजवळ आणल्या, बुबुळातला पांढरा ठिपका वर सरकवला. झाला शूर! ओठाचं मात्र काही केल्या जमेना. कारकून म्हणाला, मिशी ठेव की झोकदार, ओठावर उतरणारी. मिसरूड न फुटलेल्या पोराला मिशी ठेवली. पुढं सांगलीला आल्यावर आप्पासोंना नायक पाहिजे होता, तेव्हा इलाहीच्या हातातून तेच डोळे आपसूक उतरले; पण हात खाली आला की तो थरथरता ओठ आठवे आणि कुंचला अडे. म्हणून शेमला. आपल्याला बघायचं नाही म्हणून त्यानं ते झाकलं, आणि झाकून झाकून ते पार नाहीसं करून टाकलं. आता थरथर आठवत होती, पण ओठ आठवत नव्हता.

घरी मेहरुनबी जेवायला वाढत होती. इलाही ताटावर बसून तिच्याकडं टक लावून बघत राहिला. लग्नाला बारा वर्षं झाली. त्यानं एक हात वर करून हवेतच तिचं नाकाखालचं तोंड झाकून बघितलं, मग हात काढला, मग पुन्हा झाकलं. "काय हो, डोळं फिरलं का?" ती म्हणाली. "बारा वर्सांनी आज नवरी बघायला आलाय व्हय?" तो हसला नाही. हात धरलेला असताना तिचं तोंड त्याला आठवत होतं का? होतं. की नुसतं वाटत होतं?  भाकरी तशीच राहिली. "ते लोणंदच्या म्हातारीचं काम राहिलंय," तो म्हणाला, "उद्या जाऊन येतो." मेहरुनबीनं ताट उचललं आणि एक सुस्कारा टाकला. त्या म्हातारीचं नाव निघालं की हा माणूस चार दिवस माणसात नसतो हे तिला माहीत होतं.

म्हातारी म्हणजे साळूबाई, सयाजीची आई. सयाजी चव्वेचाळीस साली इटली नावाच्या मुलखात एक नदी उतरताना गेला. सरकारी पत्र आलं, फौजेतून एक फोटो आला. फोटोत चाळीस गडी ओळीनं उभे, सगळ्यांच्या डोक्यावर हॅट, आणि सयाजीचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. लढाईत पडलेल्या माणसाला त्यांच्यात वीर म्हणतात; त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात आणि शिमग्याला मिरवतात. साळूबाईनं टाक करून घेतला होता. गेल्या शिमग्याला इलाही गेला तेव्हा तिनं तो फडक्यातून काढून त्याच्या हातावर ठेवला होता. घोडा, घोड्यावर माणूस, हातात तलवार. "ह्यो बघ," ती म्हणाली होती. "खालच्या आळीच्या हंबीररावाचा बी असाच, पाटलाच्या आज्याचा बी असाच. घोड्यावर बसला की समदी सारखीच. माझा पोरगा घोड्यावर कवा बसला हुता रं? चावडीवरचं तुझं चित्तर बी पावसात गळून गेलं. इलाहीबाबा, तू त्येचा दोस्त, तू चितारी. मला त्येचं तोंड काढून दे. ते बघीन, मग टाक देव्हाऱ्यात बसवीन. तवर न्हाई." इलाही हो म्हणाला होता. त्यानंतर तिचे तीन निरोप आले, आणि तिन्ही वेळा त्यानं काहीतरी थाप मारली. आता शिमगा महिन्यावर आला होता आणि वीर अजून फडक्यातच होता.

मिरजेहून गाडी धरली. कऱ्हाड गेलं, साताऱ्याचं स्टेशन गेलं. खिडकीबाहेर उसाचा हिरवा पट्टा आटत आटत गेला आणि खुरटी माळरानं सुरू झाली. समोरच्या बाकावर एक पेन्शनीत निघालेला सुभेदार शेजाऱ्याला आपल्या बढतीची हकीकत सांगत होता. इलाही त्याच्या तोंडाकडं बघे, ओठांकडं बघे, आणि मनात म्हणे, हे नव्हे. टीसीच्या हनुवटीकडं बघे, हेही नव्हे. डब्यात पन्नास तोंडं होती आणि सगळी सयाजीची नव्हती. मग आठवायचं ते न आठवता नको ते आठवलं. बेचाळीस सालची दुपार. इलाही साताऱ्यात शिडीवर चढून एका कापडाच्या दुकानाची पाटी रंगवत होता. खाली सयाजी येऊन उभा राहिला, भिंतीवर चित्र लागून आठ-नऊ महिने झालेले. "पेंटर," तो म्हणाला, "गावात मला समदी शिपाई म्हनत्यात. चावडीच्या भिताडावर लावलंय माझं चित्तर. पोरं सलाम ठोकत्यात. परवा भरतीवालं मोटार घिऊन आलं तवा म्हनलं, आरं ह्यो चित्रातला गडी हितं घरातच कसा? समदा गाव हसला. जाऊ व्हय मी? मला तर नगं वाटतंय. लगीन होऊन चारच म्हयनं झाल्यात." इलाहीच्या हातात पिवळा रंग होता आणि उन्हानं तो भराभर वाळत होता. त्यानं खाली बघितलंही नाही. हसत हसत म्हणाला, "आरं गड्या, तुझं तोंड साऱ्या जिल्ह्याच्या भिंतीवर हाय. आता मागं सरलास तर लोक तोंडात शेण घालतील." खाली थोडा वेळ कुणीतरी उभं असल्याचं जाणवत होतं. मग सयाजी म्हणाला, "बरं हाय." इलाही शिडीवरून उतरला तेव्हा तिथं कुणी नव्हतं. त्या दिवशी एकदा मान खाली वळवली असती तर आज तोंड आठवलं असतं, असं त्याला गाडीत वाटलं, आणि मग त्याची त्यालाच किळस आली. पोरगं जिवाला मुकलं आणि ह्याला आपल्या चित्राची पडली होती. ते काही नाही, आज म्हातारीच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगून टाकायचं. मारू दे पायतान. एकदा तिनं मारलं की सुटलो. लोणंदला उतरून दोन कोस चालताना त्यानं ते वाक्य मनाशी घोकलं. मावशी, तुमचा सयाजी माझ्यापायी गेला.

पण घरी म्हातारी नव्हती. ओसरीवर सयाजीची बायको, विजयमाला, सुपात ज्वारी निवडत बसली होती. इलाहीला बघून तिनं पदर पुढं ओढला आणि सूप घेऊन दाराआड सरकली. "आत्याबाई मळ्यात गेल्यात, कांदं काढायला. येतीलच. बसा," आतून आवाज आला. पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर आला. इलाही पाणी प्याला. समोर कोनाड्यात फडक्यात बांधलेला टाक होता, आणि त्याच्यावर भिंतीला चाळीस गड्यांचा फोटो.

"चित्तर आनलं का, भाऊ?"

"न्हाई वैनी." आणि मग जे म्हातारीला सांगायचं होतं त्याच्या आधीचंच त्याच्या तोंडून गेलं. "मला त्येचं तोंड आठवंना झालंय. डोळं आठवत्यात, कपाळ आठवतंय. नाकाखालचं कायबी न्हाई. लय आठवून बघितलं. न्हाईच येत."

आत सुपाचा आवाज थांबला. 

"मला तर डोळंच ठावं न्हाईत," ती म्हणाली.

इलाहीला नीट कळलं नाही. ती दाराशी आली, सूप उंबऱ्यावर टेकवून चौकटीला धरून उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांची पोर, पण आवाज दमलेल्या बाईचा. "तुमी हसाल. चार म्हयनं नांदले मी. दिसा मान वर करायची सोय न्हवती, आत्याबाई म्हनायच्या, चांगल्या घरची सून पायाकडं बघून चालती. रातच्याला रॉकेल न्हाई, लढाई सुरू. अंधारातच समदं. वाढायला गेलं की तेवढं बघायची, पदराखालनं. घास घेतानाचं तोंड दिसायचं, हनुवटी दिसायची, पानी पिताना गळा हालायचा त्यो दिसायचा. त्येच्या वर नदर गेलीच न्हाई. मी म्हनायची, काय घाई हाय? जल्म पडलाय की बघायला."

इलाही सरसावून बसला. त्यानं पिशवीतून कागद आणि कोळसा काढला, ओसरीवरचा पाट कागदाखाली मांडीवर घेतला आणि म्हणाला, "सांगा वैनी. जसं आठवंल तसं सांगा."

तिनं सांगितलं. वरचा ओठ पातळ होता. खालचा भरलेला, त्याच्या मधोमध उभी चीर. हनुवटी बारीक, पोरीच्या जातीला शोभावी अशी. उजव्या बाजूनं चावायचे, म्हणून तो गाल जरा फुगीर. हसले की आधी ओठाचा डावा कोपराच हलायचा, मग बाकीचा. ती सांगत होती आणि कोळसा चालत होता, आणि ती पुसायला लावी, आणि पुन्हा काढायला लावी. न्हाई, एवढं रुंद न्हाई. व्हय, आता आलं. असं म्हणताना ती कधी दाराबाहेर आली आणि कधी त्याच्यासमोर बसली हे तिचं तिला कळलं नसावं. इलाहीनं कितीएक माणसांची चित्रं काढली होती, पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी कधी काढलं नव्हतं. तोंड पुरं झालं. मग तो वर गेला आणि सवयीनं हात चालला, आणि घोंगडीवाल्याचे डोळे भराभर उतरले. तेही उलटे, दगडावर काढतात तसे. त्यानं पाट लांब धरून बघितला. ते डोळे त्या ओठांवर बसत नव्हते. सोंगाड्यानं मुखवटा अर्ध्यावर बांधावा तसं दिसत होतं. खालचं तोंड खरं होतं, कारण ते त्या बाईनं चोरून बघून जपून ठेवलं होतं. खोटं वरचंच होतं. चार वर्षं ज्याला तो सयाजी समजत होता ते त्यानं स्वतः केलेलं होतं. त्यानं फडक्यानं डोळे पुसून टाकले. पापण्या वर नेल्या. भुवया एकमेकींपासून दूर सारल्या. बुबुळातला ठिपका खाली आणला.  कागदावरून साताऱ्याच्या त्या खोलीत उसन्या कोटात उभं राहिलेलं पोरगं त्याच्याकडं बघत होतं, आणि विचारत होतं, जाऊ व्हय मी? नानासोंना हे दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, पेंटर, ह्याला बघायला चिटपाखरू येणार नाही. आणि ते खरंच होतं.

विजयमालानं पाट आपल्याकडं वळवून घेतला. पहिल्यांदा तिनं ओठ बघितले, आणि तिचा हात नकळत पदराकडं गेला. मग ती वर बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा.

"असं हुतं व्हय डोळं?"

"असंच."

"भ्यालेलं हायती."

"व्हय."

"म्हंजे त्येंस्नी जायचं न्हवतं."

"न्हवतं."

"मग गेले कशापायी?"

आणि इलाहीनं सांगितलं. चित्र, मिशी, चावडीची भिंत, शिडी, वाळत चाललेला पिवळा रंग, आणि आपण हसत हसत काय बोललो ते, शब्दाला शब्द. तिनं शिव्या दिल्या असत्या, हंबरडा फोडला असता, सूप उचलून अंगावर फेकलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ऐकून घेतलं आणि ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आत्याबायला ह्येतलं काय सांगू नगा."

"त्येच सांगायला आलोय वैनी."

"ठावं हाय मला. सांगून तुमी मोकळं व्हाल. त्येंनी काय करायचं?" तिचा आवाज आता धारदार झाला होता. "पोरगं हौसंनं गेलं, छाती काढून गेलं, येशीपातूर एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई, म्हनून बाई गावभर सांगती. ह्येच्यावर दिस काढतीया ती. त्येबी काढून घेनार व्हय?"

इलाहीनं कोळसा पिशवीत टाकला. त्याला पायतान खायचं होतं आणि ते त्याच्या नशिबात नव्हतं. वेशीपर्यंत सयाजीनं मागं का बघितलं नसेल हे त्याला कळलं, डोळ्यांतली भीती आईला दिसू नये म्हणून, आणि विजयमालालाही आता कळलं असावं, कारण ती ओठ घट्ट मिटून चित्राकडंच बघत होती.

तेवढ्यात डोक्यावर कांद्याची पाटी घेऊन साळूबाई अंगणात आली. "आला व्हय माझा इलाहीबाबा!" तिनं पाटी उतरवली आणि हात झाडले. "आनलंस का रं, सयाजीचं?" विजयमालानं कागद पाठीमागं करायला हात उचलला, पण म्हातारीची नजर आधीच पोचली होती. तिनं लुगड्याला हात पुसले, कागद घेतला आणि उजेडाकडं तोंड करून उभी राहिली. चांगली निरखून बघत राहिली, कधी लांब धरून, कधी जवळ धरून.  विजयमाला जमिनीकडं बघत होती.

"ह्ये कुणाचं लेकरू गं?" साळूबाईनं विचारलं.

"हाय एक," विजयमाला म्हणाली. "फौजेतलंच."

"लय भ्यालंय बिचारं." म्हातारीनं बोटाच्या पाठीनं कागदावरच्या गालाला हात लावला, तान्ह्याला लावावा तसा. मग तिनं कागद इलाहीच्या हातात परत दिला. "आमच्या सयाजीचं मागनं काढलंस तरी चालंल, बाबा. त्यो काय, वाघ हुता, दम धरंल. आदी ह्ये ह्येच्या आईला नेऊन दे. माउली वाट बघत आसंल."

"व्हय मावशी," इलाही म्हणाला, आणि कागद घेऊन उठला.